घरी ओतलेला बेडूक पाण्यात उताणा का पडतो?

लेकफोर्कवाला
नमस्कार मंडळी. गळ टाकणारे इथे फारसे नाहीत हे माहीत आहे. पण साचे, ओतकाम, रसायनं यांतले जाणकार बरेच आहेत, म्हणून हा धागा.

मी मूळचा सातारचा, गेली अकरा वर्षं टेक्सासात. घरापासून दीड तासावर लेक फोर्क नावाचा जलाशय आहे. १९८० साली बांधून झालेला, सत्तावीस हजार एकरांहून मोठा. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये इथेच लागला. उन्हाळ्यात हा मासा कमळपानांखाली नाहीतर हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीत, सावलीत दबा धरून बसतो. वरून बेडूक सरकला की पाणी फोडून येतो. विहिरीत वरून नारळ पडल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजाचं मला व्यसन लागलंय, आणि गळाला आमिष म्हणून लावायचे विकतचे प्लास्टिकचे बेडूक फाटून फाटून खिसा रिकामा झालाय.

म्हणून घरीच ओतायला घेतले. मातीचा नमुना केला, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा उघडा साचा. नमुन्याची पाठ साच्याच्या तळाशी, पोट वर. प्लास्टिसोल आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीव्हीसीची बारीक पूड, ती मऊ ठेवणाऱ्या तेलात कालवलेली. थंड असताना दुधासारखं दिसतं. तापवलं की आधी दही, मग गुठळ्या, आणि १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम काकवीसारखं पारदर्शक ओघळायला लागतं. तेव्हा रंग आणि चमकी घालून साच्यात ओतायचं. पाच-सात मिनिटांत बेडूक निघतो. तरंगावा म्हणून मिश्रणात काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड घातली. गळ दुहेरी घेतला. दांडा अंगातून, दोन्ही टोकं मागून वळून पाठीला चिकटलेली.

दिसतो झकास. हिरवी पाठ, पांढरं पोट, पाण्यात गुरगुर करणारे वळणदार पाय. पण पाण्यात पडला की दहातल्या सात वेळा उताणा! गळाची टोकं खाली गेली की प्रत्येक फेकीला पावशेर शेवाळ घेऊन येतो. वीस बेडूक झाले, वीसही असलेच. काय चुकतंय?

उगाच_आपलं
बेडूक उताणा पडतो म्हणजे मेला असेल हो. पोस्टमॉर्टेम करा.

(नंतर म्हणू नका की सांगितलं नव्हतं.)

शेवग्याची_शेंग
एक बाळबोध प्रश्न. बास म्हणजे आपला जिताडाच ना? अलिबागला आमच्याकडे जिताड्याला सी बास म्हणून मेनूकार्डावर लिहितात.

लेकफोर्कवाला
नाही हो, नावापुरतंच नातं. जिताडा खाडीतला, खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत राहणारा. इथला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला, सनफिश नावाच्या कुळातला. चवीत तर जिताड्याच्या पासंगालाही पुरत नाही. बहुतेक लोक धरून सोडूनच देतात, मीही.

शेवग्याची_शेंग
धरायचा आणि सोडायचा? मग आईनं बाजारातून आणायचं काय? 😄 चालू द्या.

मामातलाव
भाऊ, बेडूक पाहून जीव खूश झाला. मी भंडाऱ्याचा, सध्या नागपुरात. आमच्याकडे बास नाही, पण मरळ आहे, आणि मरळीसारखा बेडकावर जीव टाकणारा मासा दुसरा नाही. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तिथे शिंगाड्याच्या वेलीत अन् कमळात ती पडलेली असते. हवा घ्यायला वर येते, बुडबुडा सोडते, तिथे बेडूक टाकायचा.

माझे काका जिवंत बेडूक लावत. लहानपणी मीच पकडून देत होतो, आता आठवलं की कसंसंच होतं. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली, त्याचं कारण शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं: बेडूक गेले की धानातले किडे वाढतात. तेव्हापासून मी हवाई चपलेचे बेडूक करतो. जुन्या चपलेचा तळवा ब्लेडनं कोरायचा, खालून गळ, मागे रबरी धाग्यांचे पाय. बुडायचा प्रश्नच नाही.

आता तुमचं दुखणं. दुहेरी गळाची टोकं पाठीवर म्हणजे लोखंडाचं वजन वर, मग उलटेल नाही तर काय? विकतचा पोकळ बेडूक फाडून पाहा, शेपटीकडे पोटाच्या अंगाला वजन बसवलेलं असतं. ते शोभेचं नाही.

पोटोमॅक_काठ
मामातलाव, तुम्हाला एक गंमत सांगतो. मी मेरीलँडमध्ये आहे आणि इथे मरळच धरतो! आपली नव्हे, तिची चिनी चुलत बहीण, नॉर्दर्न स्नेकहेड. २००२ साली क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात सापडली तेव्हा वर्तमानपत्रांनी राक्षस आल्यासारखा गहजब केला. दोन वर्षांनी पोटोमॅक नदीत निघाली, आता ठाण मांडून बसलीय. जिवंत बाळगायची नाही, हा कायदा. मारून खा म्हणतात. मी हळद-मीठ-आगळ लावून तळतो, शेजारी गोरे लोक ताट घेऊन येतात. आणि तिला काय लावतात? बेडूकच!

लेकफोर्कवाला, दुहेरी गळ सोडा. भरीव बेडकाला एकेरी रुंद वाकाचा गळ लावा, ५/० आकाराचा, दांड्यावर पोटाखाली शिसं ओतलेला मिळतो. नाकातून घालून वळवायचा, टोक पाठीत जरासं लपवायचं. होडीच्या कण्यासारखं काम करतो. दुहेरी गळ पोकळ बेडकासाठी, तिथे मासा चावला की अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात. भरीव अंग दबत नाही, मासे सुटतात.

पण मुख्य संशय मला त्या काचेच्या पुडीचा आहे. हलकी आहे, ओतल्यावर वर चढत असणार. तुमच्या साच्यात वर म्हणजे पोट. पोट हलकं, पाठ जड. झालं.

रसायनवाला
पीव्हीसीत तीस वर्षं काढलीत म्हणून तोंड उघडतो. तर्काची दिशा बरोबर, गुन्हेगार चुकीचा. त्या गोळ्यांचा व्यास साधारण ५०-६० मायक्रॉन. गरम प्लास्टिसोल काकवीसारखं दाट. अशा दाट द्रवातून इतका बारीक कण सेकंदाला दोन-तीन मायक्रॉन चढेल. पाच मिनिटांत एक मिलिमीटरही नाही. बरणीत रात्रभर ठेवलंत तर मात्र वर साय धरेल, म्हणून तापवण्याआधी ढवळून घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा हवेचा बुडबुडा मात्र त्याच्या साधारण शंभरपट वेगानं चढतो. (व्यास वाढला की वेग त्याच्या वर्गानं वाढतो.)

तर्क पुरे. एक बेडूक कंबरेत आडवा कापा आणि काप कसा दिसतो ते सांगा.

मध्येच एक काळजीचं. तापवता कुठे?

लेकफोर्कवाला
गॅरेजमध्ये, जुन्या मायक्रोवेव्हमध्ये. गॅरेजचं दार उघडं असतं, पंखा चालू.

रसायनवाला
तो मायक्रोवेव्ह पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये, फुकट कुणाला द्यायचाही नाही. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. १९०-२०० अंशांच्या पुढे पीव्हीसी पिवळं, मग तपकिरी व्हायला लागतं. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. घसा खवखवला की उशीर झालाय. कापडी मास्क काही कामाचा नाही, आम्लवायू आणि सेंद्रिय वाफांसाठीची डबी लावलेला मुखवटा घ्या. तापमापी बुडवूनच अंदाज घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. आणि पाण्याचा एक थेंबही जवळ नको. १७५ अंशांच्या प्लास्टिसोलमध्ये थेंब पडला की कढईतल्या मोहरीसारखं उडतं, फरक इतकाच की हे कातडीला चिकटून बसतं.

लेकफोर्कवाला
मुखवटा मागवला. तळहातावर एक डाग आहेच, विचारू नका.

बेडूक कापला. काका, पाठीकडचा भाग घट्ट, काचेसारखा. पोटाकडचा चारेक मिलिमीटरचा थर सगळा जाळीदार! अगदी अनारसा. मी ढवळतो हळूच, मग इतकी हवा येते कुठून?

उगाच_आपलं
सांगितलं होतं की नाही, पोस्टमॉर्टेम करा म्हणून?

पेणची_सून
मी मासे धरत नाही, आयतेच खाते. पण जाळी ऐकून राहवलं नाही. सासरी गणपतीचा कारखाना आहे, प्लास्टर रोज हाताखालून जातं.

दादा, साचा किती दिवस वाळवलात? आमचे साचे रबराचे आणि मूर्ती प्लास्टरची, तुमचं बरोबर उलटं, पण प्लास्टर तेच. वरून कोरडं दिसलं म्हणजे आतून वाळलं असं नसतं. साचा गालाला लावून बघा, गार लागला तर ओला. बोटाच्या पेरानं वाजवून बघा. ओला बद्द वाजतो, सुकलेला खणखणीत. ओल्या साच्यात इतकं गरम ओतलंत तर पाण्याची वाफ होऊन वर येणारच. तुमचा अनारसा त्या वाफेचा आहे.

लेकफोर्कवाला
ताई, दोन दिवस. तेही गॅरेजमध्ये. आत्ता गालाला लावला, माठासारखा गार आहे. 😐

पेणची_सून
दोन दिवसांत तर आमच्याकडे मूर्तीची सोंडसुद्धा वाळत नाही.

रसायनवाला
वाऽ ताई! मी साच्याचा विचारच केला नव्हता.

आता हे गणितात बसवू. किती पूड, किती पाणी घेतलं होतं?

लेकफोर्कवाला
पूड ४५० ग्रॅम, पाणी ३१५. आत्ता साचा काट्यावर ठेवला, ६४० ग्रॅम भरतोय.

रसायनवाला
प्लास्टर घट्ट होताना स्वतःच्या वजनाच्या सुमारे १८.६ टक्के पाणी कायमचं बांधून घेतं. ४५० ग्रॅमला ८४ ग्रॅम. उरलेलं २३१ ग्रॅम पाणी फक्त छिद्रांत बसलेलं असतं, ते बाहेर काढायचं. म्हणजे तुमचा साचा पूर्ण सुकल्यावर ५३४ च्या आसपास यायला हवा. आत्ता त्यात शंभर ग्रॅमहून जास्त पाणी आहे. अर्धा पेला पाण्यात तुम्ही वीस बेडूक ओतलेत.

रोज एकाच वेळी वजन करा. दोन दिवस आकडा हलला नाही की झालं. घाईनं कडक ओव्हनमध्ये घालू नका, बांधलेलं पाणीही सुटायला लागतं आणि साचा पिठूळ होतो. पन्नास अंशांच्या आत, नाहीतर ऊन आणि पंखा.

पेणची_सून
ऊन-पंखा उत्तम. जाळीच्या चौकटीवर ठेवा, खालूनही वारा लागला पाहिजे. सुकल्यावर आतल्या बाजूला पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. तुमच्याकडे पांढरा लाकडी गोंद मिळेल तो चालेल. पाठ चकचकीत येईल आणि प्लास्टरचे कण प्लास्टिकला चिकटणार नाहीत. तरीही हा साचा जन्मभराचा नाही, कडा पडत जातील. मूळ मातीचा नमुना जपलाय ना?

लेकफोर्कवाला
जपलाय. फ्रिजवर बसलाय, येणारा प्रत्येक जण दचकतो.

सात्त्विक_सोमण
विषयांतर होईल, पण बेडकाचं सोंग करून माशाला फसवायचं, ओठ फाडायचा आणि सोडून द्यायचं, यात नक्की आनंद कसला? खाणं मी समजू शकतो.

मामातलाव
सोमण साहेब, प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं सांगतो: मी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकतो म्हणजे जखम लहान होते. अन् पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लाल झुबका पाण्यावर फिरताना दिसला की तिथे गळ टाकत नाही. आईबाप खाली राखण करत असतात, झुबक्यावरून बेडूक नेला की रागानं मारतात, भुकेनं नाही. तेव्हा धरणं सोपं असतं अन् आई गेली की पिल्लं तासाभरात संपतात. बरेच लोक तेच करतात, व्हिडिओ टाकतात. त्यांच्याशी मी भांडतो. अन् तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात, ज्यांनी बीज सोडलं त्यांना विचारल्याशिवाय टाकू नये.

पोटोमॅक_काठ
मामातलाव, टोपी काढली.

सोमण, आनंद कसला हे खरंच सांगता येत नाही. पण या प्लास्टिकच्या धंद्याची सुरुवात ऐका. १९४९ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसानं बायकोच्या मदतीनं घरीच मऊ प्लास्टिकचा पहिला गांडूळ बनवला. त्याआधी लाकूड, धातू, पिसं. म्हणजे लेकफोर्कवाले गॅरेजात करतायत ते परंपरेला धरूनच आहे.

शेवग्याची_शेंग
भारतात हे प्लास्टिसोल मिळतं का? भाच्याला नाद लागलाय.

रसायनवाला
तुम्ही रोज हाताळता. पकडीच्या मुठीवरचं लाल मऊ आवरण, खेळण्यातल्या बाहुल्यांची डोकी, हातमोजे, सगळं प्लास्टिसोल. मिळतं, पण कारखान्याच्या मापात, आणि ते बेडकाइतकं मऊ नसतं. भाचा लहान असेल तर हा उद्योग नकोच. मामातलावांची चप्पल बरी, तिला आच लागत नाही.

आणि केलेले बेडूक साध्या प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. त्यातलं तेल हळूहळू डबीत शिरतं, महिन्याभरात डबी आणि बेडूक एकजीव होतात. दुसऱ्या जातीच्या रबरी आमिषाशेजारीही नको.

लेकफोर्कवाला
ते माझं झालंय. चार बेडकांचा एक बेडूक.

---

लेकफोर्कवाला
मंडळी, बारा दिवसांनी परत आलो. आकडे: ६४०, ६०१, ५७२, ५५३, ५४२, ५३८, ५३६, ५३६, ५३६. काका, तुमचं ५३४ आणि माझं ५३६! दोन ग्रॅमचं कुणाला सोयरसुतक नाही. टेक्सासचं जुलैचं ऊन पहिल्यांदाच कामाला आलं. गोंदाचे तीन हात दिले, ५४१.

काल रात्री सहा बेडूक ओतले. एक लगेच कापला. अनारसा गेला, खरवस आला! बोटानं दाबला तर एकही बुडबुडा नाही. आधी हिरवं ओतलं, काचेची पूड फक्त त्यातच. ते अजून गरम असतानाच वर पांढरं, बिनपुडीचं. त्यामुळे आता पाठ हलकी आणि पोट जड. रंगासाठी दोनदा ओतायचंच होतं, तोल त्यातच साधला. गळ एकेरी, पोटाखाली शिसंवाला.

आज पहाटे साडेपाचला लेक फोर्क. पंचवीस फेकी मोजल्या, तेवीस वेळा सरळ. उरलेल्या दोन वेळा कमळपानावरच पडला, ते मी धरत नाही.

मामातलाव
अन् मासा?

लेकफोर्कवाला
सांगतो ना! पहिला आला तो नारळासारखाच. मी घाबरून लगेच झटका दिला, बेडूक माझ्याच टोपीवर आदळला. दुसराही तसाच घालवला. मग वडील सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना म्हणायचे तसं ठरवलं: 'जय जय रघुवीर समर्थ' पूर्ण म्हणायचं आणि मग झटका. तिसरा बसला. सतरा इंच. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास पाण्यात परत सोडावाच लागतो, तसा सोडला. सोमण, ओठाला एकच भोक होतं, काटा दाबलेला होता. शेपटीचा फटका मारून गेला, सगळं पाणी माझ्या चष्म्यावर.

एक कबुली. पाठीवर मी तास घालून जे ठिपके काढले होते, ते माशाला दिसतच नाहीत. तो खालून बघतो, त्याला फक्त पांढरं पोट आणि पाय. ठिपके माझ्यासाठी. यापुढे पाठ सपाट हिरवी.

पाय मात्र फाटताहेत. दोन माशांत एक पाय जातो.

पोटोमॅक_काठ
मांडी जिथे अंगाला जुळते तिथे साचा जरा खोल करा, दुप्पट जाडी. पाय मऊच हवेत, पण सांध्याला मांस पाहिजे. तुटलेला पाय तापलेल्या सुरीच्या पात्यानं दोन्हीकडून वितळवून जोडता येतो. धुराची काळजी तीच.

मामातलाव
भाऊ, डिसेंबरात कुणी नागपूरला येत असेल तर दोन बेडूक पाठवा. मी तुम्हाला चपलेचा पाठवतो. मरळ कुणावर जास्त चिडते ते पाहू.

पेणची_सून
अभिनंदन दादा. एकच सांगायचं राहिलं. वापरून झाल्यावर साचा धुवायचा नाही. कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचा फक्त.

लेकफोर्कवाला
ताई, हे काल सांगायला हवं होतंत. आई आलीय साताऱ्याहून. मी तळ्यावरून येईपर्यंत तिनं गॅरेज आवरलं. "किती रे मळवला होतास," म्हणत साचा अंगणातल्या नळाखाली घासून, धुऊन, पालथा घातलाय.

आत्ताच काट्यावर ठेवला. ५९४.